खडूचा ओके

"मॅडम, तेवढा ओके द्या, म्हंजे गाडी सोडतो."

सर्जेराव पाटील लॅबच्या खिडकीत उभा होता. तो आत कधी येत नसे. त्याच्या बुटांची वाळू माझ्या फरशीवर सांडते, असं मी एकदा म्हटलं होतं. तेव्हापासून आमचं सगळं बोलणं गजांतून होई. तयार माल गाडीत भरून पाठवायचं काम त्याच्याकडे. इतरांच्या खिशाला पेन असे, त्याच्या खिशात पांढरे खडू असत, आणि तो खिसा कायम गिरणीतून आल्यासारखा दिसे.

"बघते," मी मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हटलं.

"सकाळधरनं बगतायच की."

"अजून बघते आहे."

त्याच्या मागे अंगणात ट्रकचं इंजिन घुरघुरत होतं. ड्रायव्हर पुण्याला निघायला उतावीळ झालाय आणि मालकांनी दोनदा विचारलंय, एवढं ऐकवून सर्जेराव गज सोडून गेला. जाताना कुणाला तरी म्हणाला, "'बगते मॅडम' अजून बगतायत." कुणीतरी हसलं. कारखान्यात माझं हेच नाव पडलं होतं. मला ते अगदीच नावडतं होतं असं नाही.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. कोल्हापूरबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत भूपाल मगदूम यांची फाउंड्री होती. भट्टीत लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यांत ओतायचं, गार झाल्यावर साचा फोडून आतला नग घासून साफ करायचा आणि गाडीत घालायचा, असं काम. भट्टी एकदा भरून वितळली की तिला एक हीट म्हणत. त्या हीटच्या प्रत्येक नगावर पिवळ्या रंगानं तिचा नंबर घातलेला असे. आदल्या वर्षी त्यांना एका ट्रॅक्टर कंपनीचं काम मिळालं होतं, स्टिअरिंगच्या आर्मचं. चालकानं चक्र फिरवलं की ज्या दांड्यामुळे पुढची चाकं वळतात, तो दांडा. कंपनीची अट अशी होती की कारखान्यात लॅब पाहिजे, मायक्रोस्कोप पाहिजे आणि शिकलेला केमिस्ट पाहिजे. लॅब बांधली गेली, मायक्रोस्कोप आला, आणि केमिस्ट म्हणून मी आले, चिपळूणची, नुकतीच एम.एस्सी. झालेली.

भट्टीच्या जवळ बाईमाणूस नको, असं सांगणारे पुष्कळ होते. मगदूमांना सगळे आण्णा म्हणत. आण्णांनी त्या लोकांना काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. मला पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले, "दिघेबाई, भट्टी काय माणूस बघून तापत न्हाई."

त्या कारखान्यात 'ओके' हा शब्द मिठासारखा होता, कशातही घालत. चहा ओके. सर्जेरावच्या वडिलांचा मोतीबिंदू काढला, तो ओके. भट्टीवरच्या इस्माईलमामांच्या पुतणीला बघायला मिरजेहून पाहुणे आले. मुलगा रंगानं सावळा, बोलायला थोडा कमी, पण एकूण ओके. कुणाची म्हैस व्याली तर रेडकू ओके. माल 'ओके मारायचा', वरिष्ठांकडून 'ओके घ्यायचा', आणि फार घाई असली तर 'ओके धरून चालायचं'. फोन ठेवताना ओके, रागावून निघून जाताना ओके. मॅट्रिकला इंग्रजीनं ज्यांना दोनदा घरी पाठवलं होतं, त्यांनाही हा एक शब्द कधी अडला नाही.

आणि तो खडूनं लिहिला जाई. नियम असा होता की लॅबनं हीट तपासून होकार दिला की सर्जेरावनं तिच्या नगांवर 'ओके' लिहायचं आणि मगच ते गाडीत चढवायचे. कंपनीच्या दारात गाडी रिकामी करणारा माणूस तेवढं पाहून माल आत घेई. प्रत्यक्षात लॅबचा होकार येणारच, हे धरून सर्जेराव घासकाम चालू असतानाच लिहून मोकळा होई. गाडी भरताना वेळ वाचे. मी दोनदा हरकत घेतली होती. दोन्ही वेळा तो अगदी शांतपणे म्हणाला होता, "खडूच हाय मॅडम. पुसता येतोय." आणि खरं सांगायचं तर वर्षभरात पुसायची वेळ आली नव्हती.

त्या दिवशी माझ्यासमोर आदल्या संध्याकाळची शेवटची हीट होती.

साध्या बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, कार्बन पातळ पानांसारखा पसरलेला असतो. ही पानं लोखंडाला आतून चिरत जातात, म्हणून बीड आपटलं की फुटतं. ओतायच्या आधी त्या रसात थोडं मॅग्नेशियम घातलं तर हाच कार्बन गोळा होतो, त्याच्या बारीक गोळ्या बनतात, आणि लोखंड चिवट होतं. स्टिअरिंगचे आर्म अशाच लोखंडाचे करायचे. अडचण एकच, की मॅग्नेशियम रसात टिकत नाही, उडून जातं. म्हणून ते घातल्यावर लाडल, म्हणजे रस वाहून नेणारं मोठं भांडं, लगोलग साच्यांत रिकामं करावं लागतं. प्रत्येक हीटचा शेवटचा थोडा रस नाण्याएवढ्या साच्यात ओतून ठेवत. मी ते नाणं आरशासारखं घासून मायक्रोस्कोपखाली धरायची. चांगल्या हीटमध्ये पांढऱ्या ताटात मोहरी सांडल्यासारखं दिसतं.

या हीटमध्ये मोहरी होती. पण तिच्यामध्ये वाकड्यातिकड्या अळ्याही होत्या.

एका नाण्यावर विसंबून राहणं मला पटेना. मी त्याच हीटचा एक पुरा नग मागवला, करवतीनं कापून घेतला, घासला. त्यात दुपार गेली, आणि तोवर गाडी भरून झाली. नगातही तेच दिसत होतं. मी वेगवेगळ्या जागी मोजून पाहिलं. दहातल्या सात गोळ्या होत्या. कंपनीला नऊ हव्या होत्या.

मी हात धुतले आणि इस्माईलमामांकडे गेले. इस्माईल मुल्ला भट्टीचे मुख्य मिस्त्री. वयानं आण्णांच्याच बरोबरीचे, आणि सगळ्यांचे मामा. काल शेवटच्या हीटला काय झालं, असं मी विचारलं. त्यांनी गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि काहीच न लपवता सांगितलं. मॅग्नेशियम घातलं, लाडल विजेच्या उचलयंत्रावर चढवली, आणि वीज गेली. भरलेली लाडल भट्टी आणि साचे यांच्या मध्ये टांगून राहिली. वीज आली तशी त्यांनी ओतून घेतलं. रंग बघितला होता. रंग ओके होता.

"ओतायलाच नको होतं, मामा."

"मग कुठं ओतायचं? वाळूत? आनि आण्णांना काय सांगायचं?"

मी सर्जेरावला सांगितलं की त्या हीटचे नग उतरवावे लागतील. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. गाडीतला निम्मा माल त्या हीटचा होता. तो सरळ आण्णांच्या केबिनकडे गेला.

आण्णा लॅबमध्ये आले ते एकटेच. वर्षभरात त्यांनी त्या मायक्रोस्कोपला हात लावला नव्हता. पाहुणे आले की दारातून दाखवत, एवढंच. आज म्हणाले, "दाखवा." मी आधी चांगल्या हीटचं नाणं ठेवलं. पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या पापण्या दिसल्या. मग टोपी काढून ठेवली, एक डोळा हातानं झाकला, आणि म्हणाले, "मोहरी."

"हो. आता हे बघा."

या वेळी ते बराच वेळ वाकून होते. "यातबी मोहरी हाय की."

"आहे. दहात सात."

"आनि तीन?"

"त्या अळ्या."

ते माझ्या स्टुलावर बसले. मी उभीच राहिले.

"मोडंल का?"

हाच प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि त्याचं उत्तर माझ्या सोयीचं नव्हतं. "बहुतेक नाही," मी म्हटलं.

"बहुतेक म्हंजे किती?"

"शंभरातले नव्याण्णव आर्म काही न होता वर्षानुवर्षं चालतील. कुठला एक चालणार नाही, ते मला सांगता येणार नाही. आणि नव्याण्णव हा आकडासुद्धा मी आत्ता अंदाजानं सांगितला."

"मग ओकेच की वो बाई."

"नाही आण्णा. मोडणार नाही याला ओके म्हणत नाहीत. मी पाहिलंय आणि मला माहीत आहे, याला ओके म्हणतात. या मालाचं मला माहीत नाही."

त्यांनी आवाज चढवला नाही. दुपारीच कंपनीच्या साहेबांना फोनवर ओके कळवलाय, उद्या हा माल पोचला नाही तर त्यांचं काम थांबेल, आणि बेळगावचा एक फाउंड्रीवाला हे काम मिळवायला महिनाभर कंपनीच्या दारात बसून आहे, असं त्यांनी एकेक करून सांगितलं. काम गेलं तर संध्याकाळची पाळी बंद होईल. त्या पाळीत कोण कोण आहे ते मला माहीत होतं. त्यातल्या दोघांच्या घरी मी जेवायला गेले होते. आण्णा खोटं काहीच सांगत नव्हते.

"सही मागत न्हाई," ते म्हणाले. "कुठं लिवून द्या म्हणत न्हाई. नुसतं खिडकीतनं सर्जेरावला म्हणा. तो तुमच्या तोंडाकडं बघत उभा हाय."

सर्जेराव खरंच अंगणात उभा होता.

"मी म्हणणार नाही, आण्णा."

"मग मी म्हणतो."

चिपळूणची एस.टी. सकाळी किती वाजता सुटते, हे मला त्या क्षणी आठवलं. राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत सामान असं फारसं नव्हतंच. एकदा ते आठवून झालं आणि मग मला काही जड गेलं नाही.

"म्हणा," मी म्हटलं. "कारखाना तुमचा आहे. पण गाडीतल्या नगांवर जे लिहिलंय ते लॅबचं म्हणून लिहिलंय. ते आधी मी पुसते. पुसून झालं की तुम्ही तुमच्या हातानं लिहा."

मी कोपऱ्यातली बादली उचलली, फडकं भिजवलं आणि बाहेर आले.

साडीवर अ‍ॅप्रन घालून ट्रकवर कसं चढायचं याचा मी विचार केला नव्हता. इस्माईलमामांनी एक लाकडी खोकं गाडीच्या मागच्या फळीखाली सरकवलं. मी चढले. पिवळ्या आकड्यांत त्या हीटचा नंबर शोधायचा आणि त्याशेजारचा पांढरा ओके पुसायचा. घासलेलं लोखंड खरबरीत असतं. खडू त्याच्या खाचांत बसतो आणि लवकर निघत नाही. घासकाम करणारी माणसं हातातली मशीनं बंद करून बघायला लागली. ड्रायव्हरनं केबिनमधून डोकं काढून विचारलं की या बाई गाडी धुतायत का.

थोड्या वेळानं फळीचा आवाज आला. सर्जेराव वर चढला होता. त्यानं खांद्यावरचं फडकं बादलीत बुडवलं.

"अक्षर माझं हाय," तो म्हणाला. "तुमी कशाला पुसताय." मग पहिल्या नगावर वाकून, माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "आता माझं लिवायचं कायमचं राह्यलं म्हणायचं का, मॅडम?"

"आण्णा लिहिणार आहेत."

तो पुसत राहिला.

आमचं संपत आलं तेव्हा आण्णा आले. त्यांनी सर्जेरावच्या खिशातून एक खडू काढून घेतला आणि फळीशी उभे राहिले. सर्जेरावनं पुसलेला एक ओला नग त्यांच्यापुढे ठेवला. आण्णांनी तो उचलला, दोन्ही हातांत धरून उलटासुलटा केला. मगदूमांची फाउंड्री त्यांना वारशात मिळालेली नव्हती. पंधराव्या वर्षी ते शहरातल्या एका इंजिनाच्या कारखान्यात साचे भरायला लागले होते. त्यांच्या बोटांना अजून ती सवय होती. लिहिण्याआधी ते नगाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

मग म्हणाले, "मामा, हातोडी द्या. आनि तार."

मामांनी बारीक हातोडी दिली. आण्णांनी नग तारेत अडकवून अधांतरी धरला आणि हलकेच ठोका दिला. आवाज घुमला, हळूहळू विरला. त्यांनी दुसरा नग मागितला, चांगल्या हीटचा. त्यालाही ठोका दिला. तोही घुमला.

"ऐकलं?" त्यांनी मला विचारलं.

"ऐकलं. मला फरक कळला नाही."

ते खरं होतं. फरक कळला म्हटलं असतं तर माझी बाजू भक्कम झाली असती, हे मला कळत होतं. पण मला दोन्ही आवाज सारखेच वाटले होते.

"सर्जा, तुला?"

सर्जेरावनं मान हलवली. त्यालाही कळला नव्हता.

आण्णांनी पुन्हा ठोके दिले, आधी चांगल्या नगाला, मग पुसलेल्या. या वेळी त्यांनी डोळे मिटले होते आणि कान जवळ नेला होता. घासकामाची सगळी मशीनं बंद होती. ड्रायव्हरनंही इंजिन बंद केलं. बहुधा त्यालाही ऐकायचं होतं. आण्णांनी तिसऱ्यांदा ठोका दिला, आणि मग इस्माईलमामांकडे पाहिलं. मामा जमिनीकडे पाहत होते.

"मामा?"

"लवकर विझतोय, मालक."

"काल कळलं होतं?"

मामांनी टॉवेल गळ्यातून काढला आणि हातात धरला. "लाडल लई वेळ टांगली होती. कळलं होतं," ते म्हणाले. "पर ओके म्हणायचं नि पुढं सरकायचं, हीच सवय झालीया. मला तरी कोन इचारतंय, आनि मी तरी कुनाला इचारतोय."

आण्णा त्यांना रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. नग त्यांनी फळीवर ठेवला, आणि खडू दोन बोटांत फिरवत उभे राहिले. त्यांच्या बोटांना पांढरं लागत होतं. कारखान्यातला प्रत्येक माणूस त्या खडूकडे पाहत होता, आणि मीही.

"मगाशी मला म्हाईत नव्हतं," ते म्हणाले. "तवा लिवलं असतं, तर लिवलं असतं. आता म्हाईत झालं. आता कसं लिवू?"

खडू त्यांनी सर्जेरावला परत दिला नाही. स्वतःच्या खिशात टाकला.

"उतरवा," म्हणाले, आणि केबिनकडे वळले. चार पावलं गेल्यावर थांबले. "दिघेबाई, तुमीबी या."

पुण्याचा फोन लागायला वेळ लागला. आण्णा खुर्चीत न बसता टेबलाशी उभे राहून बोलले. निम्माच माल येतोय, असं त्यांनी आधी सांगितलं. मग निम्मा माल चांगला निघाला नाही, असं सांगितलं. पलीकडचे साहेब आधी मोठ्यानं बोलत होते, इतकं की मला शब्द कळत होते. दुपारचं काय, असं ते विचारत होते.

"दुपारी ओके म्हटलं ते चुकलं, साहेब," आण्णा म्हणाले. "तवा मी बगितलं नव्हतं."

त्यानंतर पलीकडचा आवाज खाली आला. तो खाली आल्याचं मला जास्त भय वाटलं. आण्णा ऐकत होते. मग रिसिव्हरवर हात दाबून माझ्याकडे वळले. माणसाचा चेहरा एका दुपारीत इतका थकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"ते इचारतायत, आजवर आलेल्या गाड्यांचं काय," ते म्हणाले. "त्यावरबी ओके लिवलेलं होतं, म्हणतात. त्यातले हजारो आर्म ट्रॅक्टरला बसवून गेलेत. ते सगळे परत बोलवायचे का, असं इचारतायत."

माझ्या वाट्याचा प्रश्न मला वाटला होता तो हा नव्हताच. बेळगाव, संध्याकाळची पाळी, माझी नोकरी, सगळं याच्यापुढे लहान होतं. आम्ही एका हीटबद्दल खरं बोललो होतो, आणि त्यामुळे बाकी सगळ्या हीट्सवर बोट रोखलं गेलं होतं.

मी आठवून पाहिलं. त्या कामाची पहिली हीट ओतली तेव्हा मी त्या कारखान्यात होते. प्रत्येक हीटचं नाणं मी स्वतः घासलं होतं. सर्जेरावनं आधी लिहून ठेवलेलं असे, तरी गाडी हलण्यापूर्वी मी पाहिलेलं असे. पावसाळ्यात ताप भरला होता तेव्हासुद्धा अंगावर शाल घेऊन मी लॅबमध्ये येऊन बसले होते, आणि मामांनी मला वेड्यात काढलं होतं. एकही सुटली नव्हती. कुठे सुटली असेल का, असं मी स्वतःला पुन्हा एकदा विचारलं. नव्हती.

"मला द्या फोन," मी म्हटलं.

आण्णांनी रिसिव्हर पुढे केला. तो त्यांच्या हातानं गरम झाला होता आणि त्यावर खडू लागला होता.

"नमस्कार. मी दिघे, इथली केमिस्ट," मी म्हटलं. "तुमच्याकडे आजवर आलेली प्रत्येक हीट मी स्वतः पाहिली आहे. ओके आहे."

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

"कुणी सांगायला लावलंय का तुम्हाला?"

"आजच्या हीटला ओके म्हणा, असं सांगितलं होतं. ती हीट आत्ता गाडीतून उतरते आहे. हवं तर आवाज ऐका."

मी रिसिव्हर खिडकीकडे धरला नाही. तशी गरज पडली नाही. अंगणात लोखंड लोखंडावर पडत होतं आणि केबिनची तावदानं हादरत होती. पलीकडे ते नक्कीच पोचत असणार.

"बरं," साहेब शेवटी म्हणाले. "मागचं काही परत बोलवत नाही मी. निम्मी गाडी येऊ द्या. बाकीचा माल कधी देता, ते मगदूमांना विचारा."

मी रिसिव्हर आण्णांना दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि खिडकीतून भट्टीकडे पाहिलं. कुणी सांगायच्या आत मामांनी उतरवलेले नग पुन्हा वितळवायला भट्टीत टाकायला सुरुवात केली होती.

"परवा संध्याकाळी, साहेब," आण्णा म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "न्हाई, तसं नको. बाईंनी बगितल्यावर."